उजव्या अंडाशयाचा पीळ

माझ्या नवऱ्याला हे माहीत नाही. मुलाला तर नाहीच. तो स्वतः डॉक्टर व्हायला निघालाय आणि आईचा त्याला भारी अभिमान. मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, ती मूठ आता दुखायला लागलीय, म्हणूनही असेल. बसा जरा. मला एकदम सांगता येणार नाही.

मी सोनोग्राफी करते. चाकणच्या बाजारपेठेत, औषधांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर माझं सेंटर आहे. निगडीहून रोज येते. सुरुवात केली तेव्हा आजूबाजूच्या गावांतून बायका जीपमध्ये कोंबून यायच्या, जिन्यावर बसून राहायच्या. माझं नाव त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक. ‘सोनोग्राफीवाल्या मॅडम’ एवढंच. मला त्याचा कधी राग आला नाही. उलट, या एवढ्या कंपन्यांच्या पट्ट्यात सोनोग्राफी म्हणजे मी, हे मला आवडायचं. किती आवडायचं, ते रोहिणी आली तेव्हा कळलं.

रोहिणी महाळुंग्याची. घरची शेती कंपन्यांत गेली, त्या पैशात इतरांनी गाड्या घेतल्या, हिच्या वडिलांनी पोरीला डॉक्टर केलं. शिकत असताना सुट्टीत ती माझ्याकडे येऊन बसायची. पोटावर फिरवायचा प्रोब कसा धरायचा, पेशंटला न दुखवता कसा दाबायचा, हे तिला मी दाखवलं. हुशार होती. आणि हुशार मुलगी जोवर आपल्या शेजारी स्टुलावर बसलेली असते तोवर आपल्याला तिचं किती कौतुक असतं! चारचौघांत सांगायचे मी, ‘ही माझ्या हाताखाली तयार होतेय.’

मग ती रेडिओलॉजी करून परत आली आणि राजगुरुनगर रस्त्यावरच्या एका नव्या हॉस्पिटलात लागली. मशीन नवंकोरं. खोलीला एसी. पण मशीनचं काय घेऊन बसलात? मशीन मलाही घेता आलं असतं. लोक म्हणायला लागले, ‘रोहिणी मॅडमकडं जावा, त्या निवांत बघत्यात.’ म्हणजे काय, मी घाईत बघत होते इतकी वर्षं? म्हणायला लागले, ‘आपल्या गावची पोर हाय.’ मी कुठली होते मग? स्त्रीरोगाचे बापटसर, ज्यांच्या पेशंटवर माझं सेंटर उभं राहिलं, तेही अवघड केस असली की तिला फोन करू लागले. एकदा माझ्यासमोर केला. ‘रोहिणी, तू एकदा बघतेस का गं?’ माझ्यासमोर! मी त्यांच्या टेबलावरचं कॅलेंडर बघत बसले.

आणि एकदा तिनं माझी चूक पकडली. एका रिक्षावाल्याचा मूतखडा मला दिसला नव्हता, तिला दिसला. तिनं गाजावाजा केला नाही. मला एकटीला फोन केला, म्हणाली, ‘मॅडम, खूप खाली होता, कुणालाही सुटला असता.’ तुम्हाला वाटेल, किती चांगली मुलगी. चांगलीच आहे. त्या फोननंतर मी चहाचा कप इतक्या जोरात आपटला की बशी फुटली. तिनं चार लोकांत सांगितलं असतं तर मला तिचा सरळ सरळ राग तरी करता आला असता. चांगल्या माणसावर जळणं फार अवघड काम आहे हो. धरायला काही सापडत नाही.

हे सगळं मी का सांगतेय? मुद्द्यावर यायचं नाही म्हणून. येते.

शीतल नावाची एक मुलगी. आईवडील लातूरकडचे, इथे येऊन बरीच वर्षं झालेली, भोसरीत खोली. वडील वर्कशॉपमध्ये. शीतल महाळुंग्याच्या एका कंपनीत वायरिंगच्या लाइनवर उभी असायची. एकदा शिफ्ट चालू असताना तिच्या पोटात उजवीकडे अचानक कळ आली. अशी की ती लाइनवरच खाली बसली. उलट्या सुरू झाल्या. कंपनीच्या गाडीनं तिला त्या नव्या हॉस्पिटलात नेलं. सगळ्यांना वाटलं अपेंडिक्स. रोहिणीनं सोनोग्राफी केली आणि सांगितलं, उजव्या अंडाशयाला पीळ बसलाय.

हे काय असतं ते दोन वाक्यांत सांगते, कारण पुढचं त्यावरच आहे. अंडाशय एका देठावर लोंबतं, आणि मुख्यतः त्या देठातून त्याला रक्त येतं. कधी अंडाशयात गाठ होते, ते जड होतं आणि देठासकट फिरतं. ओली ओढणी पिळावी तसं. रक्त तुंबतं, अंडाशय सुजतं, आणि वेळेत ऑपरेशन करून पीळ सोडवला नाही तर ते मरतं. वेळेत, म्हणजे त्याच दिवशी. उद्या नाही.

तिथल्या सर्जननं भोसरीहून धावत आलेल्या आईला तेच सांगितलं. आता तुम्ही त्या बाईच्या जागी उभं राहून बघा. लग्नाची पोर. अंडाशयाचं ऑपरेशन. पोटावर खुणा. बापटसर गावाला गेलेले, समोरचा सर्जन अनोळखी. सोबत आलेली शेजारीण म्हणाली, ‘एकदा जुन्या मॅडमला दाखवू, त्यांचा हात बसलेलाय.’ आपल्याकडे हे असंच असतं. एका डॉक्टरनं ऑपरेशन सांगितलं की दुसरा ‘नको’ म्हणेपर्यंत लोक फिरतात. शीतलचा धाकटा भाऊ पोटात होता तेव्हा त्या आईची सोनोग्राफी मीच केली होती. म्हणून त्या रिक्षा करून माझ्याकडे आल्या. मुलीच्या हाताला सलाईनची सुई तशीच चिकटवलेली.

आईनं रोहिणीचा रिपोर्ट माझ्या हातात दिला. ‘मॅडम, लेकराला लई दुखायलंय हो. त्या मॅडम म्हणायल्यात आत्ताच्या आत्ता कापावं लागंल. तुमी बगा. तुमी म्हणाल ते खरं.’

तुमी म्हणाल ते खरं! ते ऐकून मला काय वाटलं सांगू? मुलगी टेबलावर पाय पोटाशी घेऊन कण्हत होती. आणि मला आनंद झाला. आल्या ना परत? गेल्या होत्या नव्या मशीनकडे, शेवटी आल्या माझ्याच जिन्यानं. मी जेलची बाटली उचलली ती त्या आनंदात.

लग्न न झालेल्या मुलीची सोनोग्राफी आम्ही पोटावरूनच करतो. त्यासाठी मूत्राशय भरलेलं लागतं, त्याच्याआडून अंडाशय दिसतं. सलाईनमुळे तिचं छान भरलेलं होतं. चित्र स्वच्छ होतं. उजवं अंडाशय डाव्याच्या कितीतरी पट मोठं, सुजलेलं, आतल्या बारीक बारीक पुटकुळ्या कडेला ढकलल्या गेलेल्या. मग मी कलर लावला. म्हणजे रक्त वाहत असेल तिथे पडद्यावर लाल-निळं दिसतं. दिसलं. एका कडेला थोडंसं, पण दिसलं.

आता इथे एक गोष्ट. गेली काही वर्षं मी ही केस जेव्हा जेव्हा कुणाला सांगितलीय, तेव्हा इथपर्यंत येऊन थांबलेय. ‘कलर दिसत होता, त्यामुळे माझी फसगत झाली.’ डॉक्टर मंडळी मान डोलावतात. कारण तशी फसगत होते. अंडाशयाला दोन वाटांनी रक्त येतं, त्यामुळे पीळ बसला तरी थोडा कलर राहू शकतो, आणि नवखा माणूस म्हणतो, रक्त आहे ना, मग पीळ नाही. पण मी नवखी होते का? हाच धडा मी रोहिणीला शिकवला होता. ‘कलरवर विसंबू नकोस, देठ शोध.’ माझेच शब्द.

मी देठ शोधला. प्रोब हळूहळू वरखाली सरकवला आणि तो दिसला. गोल गोल फिरलेला, पाण्यातल्या भोवऱ्यासारखा. शंकेला जागा नव्हती. पुस्तकात छापावा असा पीळ.

मला दिसला होता. हेच ते. हेच मी कधी सांगितलेलं नाही.

माझा हात तिथे थांबला. आणि डोक्यात पहिलं काय आलं? शीतल नाही. अंडाशय नाही. रोहिणी बरोबर आहे, हे आलं. पुन्हा. आता मला बाहेर जाऊन त्या आईला सांगायचं होतं की तुमच्या रोहिणी मॅडमनी अगदी बरोबर बघितलं, तिकडेच जा. ‘रोहिणी बरोबर आहे.’ तीन शब्द. तेवढे माझ्या तोंडून निघेनात.

आमच्या कामाची एक रीत तुम्हाला ठाऊक नसेल. चित्र हलत असतं, आणि आम्ही बटण दाबून त्यातला एखादा क्षण थांबवतो. तोच छापून पेशंटला मिळतो. कुठला थांबवायचा ते आम्ही ठरवतो. तो भोवरा हलत्या चित्रातच कळतो, थांबवलेल्या चित्रात सापडेलच असं नाही. मी प्रोब देठावरून काढला, जिथे कलर होता तिथे नेला, आणि बटण दाबलं. लाल-निळं छान आलं.

बाहेर येऊन म्हणाले, ‘रक्तपुरवठा आहे. गाठ आहे, पण साधी आहे. मला काही पीळ वाटत नाही. दुखण्याचं इंजेक्शन घ्या, उद्या बापटसर आले की दाखवा.’ आणि वर काय म्हणाले माहीत आहे? ‘नवीन डॉक्टर जरा घाबरतात लवकर.’ हे वाक्य तर वैद्यकीय नव्हतंच. याची काय गरज होती? मला होती.

त्या बाईनं माझे दोन्ही हात धरले. ‘देव पावला बगा मॅडम.’ शेजारीण म्हणाली, ‘म्हटलं नव्हतं?’ शीतल भिंतीला धरून जिना उतरली. उतरताना एकदा थांबून वाकली, मग पुन्हा उतरली. मी वरून बघत होते.

एवढ्यावर थांबलं असतं तरी—नाही, थांबलं नाही. उजेड होता अजून. सेंटर चालू होतं. त्यांचा फोन नंबर रिसेप्शनवर होता. मी दोन गरोदर बाया तपासल्या, एका म्हाताऱ्याचं पोट बघितलं, आणि प्रत्येक पेशंटच्या मधे मला वाटत होतं, फोन कर. ‘मी पुन्हा विचार केला, तुम्ही परत जा’ एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. माझं नाकही फार कापलं गेलं नसतं. मग मी काय केलं? मी स्वतःला समजावलं की असा पीळ कधी कधी आपोआप सुटतो. सुटतोही. शिवाय इंजेक्शन आहे, शिवाय सर उद्या येतायत. एवढे ‘शिवाय’ मी दुसऱ्या कशासाठी गोळा केले नसतील. निगडीला घरी गेले, वरण-भात खाल्ला, झोपले. झोपही लागली. खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी शीतलचं दुखणं म्हणे कमी झालं. घरच्यांना वाटलं, मॅडमचा शब्द खरा ठरला. मला ते कळलं असतं तर मी घाबरले असते. अंडाशय मेलं की दुखणंही ओसरतं कधी कधी. मग ताप चढला, पोट कडक झालं. बापटसर आले होते, त्यांनी लगेच पोट उघडलं. अंडाशय जांभळासारखं काळं पडलेलं. पीळ सोडवला, गरम पाण्याच्या घड्या ठेवून वाट बघितली. रंग परत आला नाही. काढून टाकावं लागलं.

मी म्हटलं, आता कुणीतरी मला विचारेल. चोराच्या मनात चांदणं. पण कोण विचारणार? माझ्या छापलेल्या चित्रात कलर होता. सर म्हणाले, ‘होतं असं, कलर डॉपलर फसवतो.’ आणि रोहिणी? रोहिणी माझ्याकडे आली. तिनं देठ बघितला होता, मी बघितला असणार हे तिला कळायला हवं होतं. आलंही असेल मनात, कोण जाणे. ती आली, माझ्याच स्टुलावर बसली आणि म्हणाली, ‘मॅडम, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मी आधी बघितलं म्हणून मला दिसलं. तुमच्याकडे येईपर्यंत चित्र बदललं असेल.’ हॉस्पिटलच्या लोकांतही तिनं माझी बाजू घेतली. मला नंतर समजलं.

मला तेव्हा रडू यायला हवं होतं ना? माझे कान तापले. हिला हेही जमतं, असं वाटलं. एका मुलीचं अंडाशय गेलेलं, आणि मी रोहिणीच्या मोठेपणावर जळत बसले होते. आजही जळते. बरी झाले असं काही तुम्हाला वाटू देत नाही. तिच्या गाडीची पाटी दिसली तरी माझं तोंड कडू होतं.

तुम्ही म्हणाल, एक अंडाशय गेलं तरी दुसरं असतं, मुलं होतात. होतात. शीतलच्या आईला मीच तसं समजावलं. पण स्थळ बघताना ही गोष्ट त्यांनी लपवली, अपेंडिक्सचं ऑपरेशन म्हणून सांगितलं, आणि त्या पोरीला त्या खोट्याच्या ओझ्याखाली चहाचा ट्रे घेऊन बसावं लागलं. ते खोटं तिच्या घरात माझ्यामुळे शिरलं.

तिचं लग्न ठरलं तेव्हा ती माझ्याकडे आली. एकटी. पहिली शिफ्ट करून, कंपनीचं ओळखपत्र गळ्यात. पत्रिका द्यायला आले म्हणाली. मी खुर्ची दिली. ती बसली, पत्रिका ठेवली आणि उठेना.

‘मॅडम, एक विचारू? रागावणार न्हाईत ना?’

‘विचार.’

‘त्या दिवशी त्या मॅडमला दिसलं, तुमाला कसं काय दिसलं न्हाई?’

तिच्या आवाजात भांडण नव्हतं. आमच्या दोघींशिवाय खोलीत कुणी नव्हतं. दार बंद होतं. एवढी चांगली संधी देवानं कुणाला दिली नसेल. तुम्ही काय केलं असतंत? राहू द्या. मी काय केलं ते सांगते.

मी तिला विचारलं, ‘तिकडून निघताना तू लघवीला गेली होतीस का गं?’

ती जरा लाजली. आठवून म्हणाली, ‘हो. रिक्षात बसायच्या आधी. दाबून धरवंना.’

‘हां,’ मी म्हणाले. ‘मूत्राशय रिकामं असलं की नीट दिसत नाही.’ माझ्या टेबलावर येईपर्यंत ते सलाईननं पुन्हा भरलं होतं, ते मी गाळलं.

शीतल खाली बघून म्हणाली, ‘म्हंजे मी धरून ठेवलं असतं तर दिसलं असतं. माझ्यामुळंच गेलं म्हणा की.’

‘असं मनाला लावून घेऊ नकोस,’ मी म्हणाले. रोहिणीचं वाक्य. तेसुद्धा तिचंच घेतलं.

‘न्हाई मॅडम, बरं झालं विचारलं. मी उगं तुमच्यावर राग धरून बसले होते इतके दिवस. आईला पण बोलायचे, त्या मॅडमनीच घालवलं म्हणून.’ तिनं ओढणीनं डोळे पुसले, हसली, उठली. ‘लग्नाला या. आईनं आवर्जून सांगितलंय.’

आणि जाता जाता ती माझ्या पाया पडायला वाकली. मी पाय मागे घेतले नाहीत.